भांडवलशाही, लोकशाही समाजवाद आणि ऊसकरी शेतकरी

भांडवलशाही बरी की समाजवाद बरा, हा वाद व्याख्यानमालांत आणि पक्षांच्या अधिवेशनांत पुष्कळ झाला आहे. शेतकऱ्याला या वादाशी काय कर्तव्य, अशी आपल्यापैकी अनेकांची समजूत आहे. ही समजूत खरी नव्हे. कुरुंदवाडच्या शिवारातील ऊस गाडीत भरला म्हणजे तो कोणाच्या काट्यावर जावा, त्याचा भाव कोणी ठरवावा आणि त्या भावातून काय वजा व्हावे, हे तिन्ही प्रश्न मुळात याच वादाचे आहेत. ग्रंथांत ते मोठ्या शब्दांनी मांडलेले असतात व आपल्या बिलात ते आकड्यांनी मांडलेले असतात, एवढाच काय तो फरक.

शिवाय या वादाचे नमुने पाहण्यास आपणांस दूर जावयास नको. शिरोळचा श्री दत्त कारखाना सभासद शेतकऱ्यांच्या मालकीचा आहे. टाकळीवाडीचा गुरुदत्त शुगर्स हा खासगी कंपनीचा आहे. आणि इचलकरंजीजवळचा पंचगंगा कारखाना, जो रत्नाप्पाण्णा कुंभार यांनी शेतकऱ्यांच्या भागभांडवलावर उभा केला, तो मालकीने सहकारी असूनही पुढे रेणुका शुगर्स या कंपनीने भाडेपट्ट्याने चालविण्यास घेतला. तेव्हा ज्याचे त्याने डोळे उघडे ठेवावे व तुलना करावी.

प्रथम शब्दांचे अर्थ निश्चित केले पाहिजेत. कारखाना, यंत्र व पैसा खासगी मालकीचा असावा आणि भाव बाजाराने ठरवावा, ही भांडवलशाही. ही साधने समाजाच्या मालकीची व्हावीत, परंतु ती तलवारीने नव्हे तर मतपेटीने व्हावीत, हा लोकशाही समाजवाद. या दोहोंमध्ये तिसरा एक पक्ष आहे. त्यास सामाजिक लोकशाही म्हणतात. मालकी खासगी राहिली तरी चालेल, परंतु कायदा, कर आणि संघटना यांच्या योगाने मालकाला वेसण घालावी व दुर्बळाच्या पायाखाली किमान हमी असावी, असे हा पक्ष म्हणतो. स्वीडनसारख्या देशांनी विसाव्या शतकात हाच मार्ग धरला.

समाजवाद हा शब्द कानी पडताच जमीनधारकाच्या पोटात गोळा येतो, तो जमिनीच्या भीतीने. ही भीती अगदीच निराधार नाही. डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांनी १९४७ साली शेती हा सरकारी उद्योग करावा व गावकऱ्यांनी ती सामुदायिकपणे कसावी, अशी योजना मांडली होती. केवळ कुळांचे हक्क राखून भूमिहीनाच्या हाती काही पडणार नाही, हे त्यांचे म्हणणे होते आणि त्याचे उत्तर अद्यापि कोणी दिलेले नाही. पुढे जानेवारी १९५९ मध्ये काँग्रेसने नागपूर येथे संयुक्त सहकारी शेतीचा ठराव केला. त्यास चौधरी चरणसिंग यांनी काँग्रेसमध्ये राहूनच विरोध केला आणि त्याच वर्षी राजाजी, रंगा व मसानी यांचा स्वतंत्र पक्ष उभा राहिला. हे मसानी १९३४ साली काँग्रेस समाजवादी पक्षाच्या संस्थापकांत होते, ही गोष्टही लक्षात ठेवण्याजोगी आहे. नागपूरचा ठराव कागदावरच राहिला.

महाराष्ट्राने प्रत्यक्षात जे केले ते या दोन्ही टोकांहून निराळे होते. कूळकायद्याने १ एप्रिल १९५७ पासून कसणारे कूळ जमिनीचे मालक झाले, म्हणजे खासगी मालकी मोडली नाही तर ती वाटली गेली. आणि उसावर प्रक्रिया करणारा कारखाना मात्र सामाईक झाला. थोडक्यात सांगावयाचे तर रान ज्याचे त्याचे, चरक सर्वांचा. माझ्या मते आपल्या प्रांताने या वादास दिलेले हेच सर्वांत शहाणपणाचे उत्तर होय. परंतु ते आज टिकावयाचे असेल तर त्यातील दोष उघडपणे बोलले पाहिजेत.

सरकारी मालकीचा अनुभव प्रथम पाहू. गोदावरी, प्रवरा व नीरा यांच्या कालव्यांवर खासगी साखर कंपन्यांनी शेतकऱ्यांच्या जमिनी दीर्घ मुदतीच्या खंडाने घेऊन मोठमोठे मळे केले होते. १९६१ च्या कमाल जमीनधारणा कायद्याने ते मळे कंपन्यांकडून सुटले. परंतु ते मूळ शेतकऱ्याकडे न जाता १९६३ साली स्थापन झालेल्या राज्य शेती महामंडळाकडे गेले. परिणाम काय झाला? महामंडळ तोट्यात गेले, मळे ओस पडू लागले आणि खंडकरी शेतकऱ्यांच्या वारसांना आपल्याच जमिनीसाठी सुमारे अर्धशतक झगडावे लागले. कंपनीचा मॅनेजर गेला आणि सरकारचा अधिकारी आला. शेतकरी दाराबाहेरच राहिला. मालकी समाजाच्या नावाने झाली म्हणजे ती समाजाच्या हाती आलीच, असे नव्हे.

आता खासगी पक्षाचे म्हणणे ऐकू. ते म्हणतात, सभेत हात वर करण्याच्या हक्कापेक्षा दुसऱ्या गिऱ्हाइकाकडे जाण्याचा हक्क मोलाचा आहे. यात तथ्य आहे. कारखान्याच्या कार्यक्षेत्राबाहेर ऊस नेण्यास बंदी होती तेव्हा अनेक संचालक मंडळांना सभासदाची पर्वा उरली नव्हती. शेतकरी संघटनेच्या शरद जोशी यांनी ही झोनबंदी शेतकऱ्याची बेडी आहे असे सांगून तिच्याविरुद्ध रान उठविले आणि १९९७ साली ती उठली. समाजवादाच्या नावाने सरकारच शेतमालाचे भाव पाडते, हा त्यांचा आरोपही पुराव्यावाचून नव्हता. कारखान्यांकडून स्वस्त दराने लेव्हीची साखर घेण्याची पद्धत २०१३ सालापर्यंत चालू होती व तिचा भार अखेर उसाच्या भावावरच पडत असे. आज राज्यातील कारखान्यांपैकी निम्म्याच्या आसपास खासगी आहेत, ते काही केवळ सरकारच्या कृपेने झाले नाहीत. सहकाराला कंटाळलेल्या शेतकऱ्यानेही त्यांना ऊस घातला आहे.

परंतु ऊस म्हणजे ज्वारी नव्हे. ज्वारी पेवात घालून भावाची वाट पाहता येते. तोडलेला ऊस दोन दिवस बांधावर पडला की वजन घटते आणि उतारा उतरतो. लांबच्या कारखान्याला न्यावा तर वाहतूक भाव खाऊन टाकते. शिवाय दोन कारखान्यांत किमान अंतर राखण्याचा नियम आहे, त्यामुळे नवीन गिऱ्हाईक सहजासहजी उभे राहत नाही. २००५, २०१९ आणि २०२१ च्या महापुरांत कृष्णा-पंचगंगेचे पाणी दिवसचे दिवस उसात उभे होते. अशा वर्षी तर प्रत्येकाला आपलीच तोड आधी हवी असते. तेव्हा विकत घेणाऱ्याची निवड करण्याचे स्वातंत्र्य नावापुरते उरते. अशा पिकाच्या धन्याला केवळ बाजारावर विसंबून चालत नाही. ज्या दारी माल न्यावयाचा, त्या दारावर त्याचा हक्क असावा लागतो.

हा हक्क म्हणजेच सहकार. विठ्ठलराव विखे पाटील आणि अर्थशास्त्रज्ञ धनंजयराव गाडगीळ यांनी प्रवरेकाठी उभा केलेला कारखाना १९५० साली सुरू झाला, तेव्हा त्याचे मर्म हेच होते. भाग कितीही असोत, सभासदाला मत एक. १८८२ पासून डेन्मार्कच्या शेतकऱ्यांनी ज्या सहकारी दुग्धशाळा काढल्या, त्यांतही गाई किती यावर मत मोजले जात नसे. सहकार काय करू शकतो याचे उदाहरण आपल्या तालुक्यातच आहे. अति पाण्याने व खतांनी क्षारपड झालेल्या जमिनीत सच्छिद्र पाइप पुरून खारे पाणी ओढ्यापर्यंत नेण्याचे काम दत्त कारखान्याने पुढाकार घेऊन अनेक गावांत केले. हे काम एकट्या शेतकऱ्याच्या आवाक्यातील नाही, कारण त्याच्या पाण्याची वाट शेजाऱ्यांच्या शेतांतून जाते. नफ्यासाठी हे कोणी कंपनी करील असेही नाही, कारण नापीक रानातून तिला मिळावयाचे काय? ज्या कारखान्याचा सभासद व ज्याच्या उसावर कारखाना चालावयाचा तो शेतकरी एकच, तेथेच हा हिशेब जुळतो. समाजवादी चळवळीत घडलेले सा. रे. पाटील यांनी या कारखान्याची धुरा दीर्घकाळ वाहिली, हा योगायोग मला वाटत नाही.

मग सहकार बिघडला कोठे? तो मालकीत बिघडला नाही, हिशेबात बिघडला. वार्षिक सभेत अहवाल हातात पडण्यापूर्वीच “मंजूर, मंजूर” असा गजर होतो आणि विरोधकांनी “नामंजूर” म्हटले की ध्वनिक्षेपक बंद पडतो. हे दृश्य कोणत्या तालुक्याने पाहिले नाही? आपल्याच बिलातून बिनपरतीच्या ठेवी कापल्या गेल्या, त्यांचे काय झाले हे किती सभासदांनी विचारले? राज्यातील कित्येक सहकारी कारखाने कर्जात बुडाले व बँकेच्या लिलावात खासगी मालकांकडे गेले. त्यांच्या सभासदांनाही एक मत होतेच. मत आहे पण जमाखर्च पाहण्याची सवय नाही, तेथे मालकी संचालकाची होते. ज्याच्या हाती हिशेब, तोच खरा मालक; भागदाखल्यावर नाव कोणाचेही असो.

येथेच तिसऱ्या पक्षाचे महत्त्व कळून येते. १९६६ च्या ऊस नियंत्रण आदेशान्वये ऊस घेतल्यापासून चौदा दिवसांत किमान भाव दिला पाहिजे, न दिल्यास सालिना पंधरा टक्के व्याज दिले पाहिजे. २००९ पासून या भावास रास्त व किफायतशीर दर, म्हणजे एफआरपी, म्हणतात. २०२५-२६ च्या हंगामासाठी तो सव्वादहा टक्के उताऱ्यास क्विंटलमागे ३५५ रुपये ठरला. कारखाना सहकारी असो वा खासगी, हा नियम दोघांनाही सारखाच लागू आहे. राज्य सरकारने फेब्रुवारी २०२२ मध्ये हा दर दोन हप्त्यांत देण्याची मुभा दिली. तेव्हा त्याविरुद्ध राजू शेट्टी न्यायालयात गेले आणि मार्च २०२५ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने तो निर्णय रद्द केला. यावरून दोन गोष्टी ध्यानात याव्यात. कारखाना आपला असला तरीही कायद्याची हमी अनावश्यक होत नाही. आणि कायदा असला तरीही तो राखण्यासाठी संघटना लागतेच.

आतापर्यंतचे विवेचन वाचकांस बहुधा मान्य होईल. पुढचे मान्य होणे कठीण आहे, म्हणूनच ते सांगणे अगत्याचे आहे. आपण कारखानदारापुढे दुर्बळ असलो तरी आपल्या फडात उतरणाऱ्या तोडकऱ्यापुढे आपणच सबळ आहोत. बीडकडून व मराठवाड्याच्या इतर भागांतून येणारी ही नवराबायकोची जोडी मुकादमाची उचल फेडण्यासाठी राबते. तिच्या मजुरीचा व वाहतुकीचा खर्च आपल्या उसाच्या भावातूनच वजा होतो. जानेवारी २०२४ मध्ये साखर संघ व कामगार संघटना यांच्यात तोडणीच्या दरात ३४ टक्के वाढीचा करार झाला, तेव्हा आपल्या पारावर काय बोलणी झाली ती आठवावी. “खुशाली” म्हणून शेतकऱ्याकडून जास्तीचे पैसे मागितले जातात ही तक्रार खरी आहे व ती प्रथा बंद झाली पाहिजे. परंतु ज्याला वेळेवर व पुरेशी मजुरी मिळते, त्याची मागणी मोडून काढण्याचा अधिकार आपणांस पोहोचतो. ज्याला ती मिळत नाही, त्याच्या बाबतीत नव्हे. स्वतःसाठी चौदा दिवसांची हमी मागावयाची आणि तोडकऱ्याला मात्र बाजारावर सोडावयाचे, हा समाजवाद नव्हे व सामाजिक लोकशाहीही नव्हे. मोठ्या भांडवलदाराशी चाललेले ते लहान भांडवलदाराचे भांडण होय. तशा भांडणात तिऱ्हाइताने आपली बाजू का घ्यावी?

सारांश, माझे मत असे. जमीन ज्याची त्याच्याकडे राहावी. कारखाना सभासदांचा असावा व तो विकू अथवा भाड्याने जाऊ देऊ नये. मात्र दुसऱ्या कारखान्यास ऊस देण्याची मोकळीक कायम असावी, कारण संचालकांना जागे ठेवण्यास तेवढी स्पर्धा हवीच. किमान भावाचा कायदा दोन्ही प्रकारच्या कारखान्यांवर कसोशीने चालावा, आणि तीच किमान हमी खाली तोडकऱ्यापर्यंत पोहोचावी. सरकारने काटा तपासावा; काटा स्वतः चालवू नये.

यांपैकी निम्मे काम मुंबईत व्हावयाचे आहे, परंतु उरलेले निम्मे आपल्या हाती आहे. येत्या वार्षिक सभेपूर्वी प्रत्येक सभासदाने अहवाल मागून घ्यावा. गावातील दहा जणांनी एकत्र बसून त्यातील तीन आकडे पाहावेत: टनामागे प्रक्रिया खर्च किती, कर्जावरील व्याज किती, आणि तोडणी-वाहतुकीची वजावट किती व त्यातील तोडकऱ्याच्या हाती किती पडले. मागील दोन वर्षांच्या आकड्यांशी ते ताडून पाहावेत आणि फरक दिसेल तेथे लेखी प्रश्न द्यावा, तोंडी नव्हे. तोडणीचा क्रम लागणीच्या तारखेप्रमाणे फलकावर लावण्याची मागणी करावी. एवढे शंभर गावांनी केले तर कोणता वाद श्रेष्ठ याचा निकाल ग्रंथांत शोधावा लागणार नाही; तो आपल्या पुढच्या बिलात दिसेल.