पदक कॉलेजला, आणि मुलीला?

2 नोव्हेंबर 2025 च्या रात्री आमच्या नेरूळमध्ये दिवाळी दुसऱ्यांदा आली. डी. वाय. पाटील स्टेडियमवर आपल्या मुलींनी दक्षिण आफ्रिकेला 52 धावांनी हरवलं आणि विश्वचषक जिंकला. रात्री बारानंतर गॅलऱ्यांमधून थाळ्या वाजत होत्या. त्यानंतर सोसायटीच्या मैदानात बॅट घेऊन उतरणाऱ्या मुली वाढल्या, हे आम्ही सगळ्याच बघतोय. पण त्याच संघातल्या जेमिमा रॉड्रिग्जबद्दलची एक गोष्ट फार जणींना माहीत नसते. उपांत्य सामन्यात याच मैदानावर ऑस्ट्रेलियाविरुद्ध नाबाद 127 धावा काढणारी ही मुलगी शाळेच्या वयात महाराष्ट्राकडून हॉकीही खेळली आहे. पुढे तिने क्रिकेट निवडलं.

सगळ्याच मुली क्रिकेट निवडत नाहीत. काही जणी हॉकीतच राहतात, आणि माझा आजचा विषय त्यांच्याबद्दल आहे. खरं तर त्यांच्या आयांबद्दल.

शाळांच्या हॉकी स्पर्धा असल्या की मैदानाच्या कडेला कॉलेजांचे जिमखान्याचे सर, मॅडम येऊन उभे राहतात. कोण चांगली पळते, कोणाचा फटका जोरात आहे, गोलकीपर कोण, हे बघून ठेवतात. दहावीचा निकाल लागला की घरी फोन येतो. ‘टक्के कमी असले तरी चालतील, खेळाडू कोट्यातून घेऊ. फी माफ करू. किट देऊ.’ ज्या घरात कॉलेजची फी हाच मोठा प्रश्न असतो, तिथे हा फोन म्हणजे देवच पावला! आई होकार देऊन टाकते. त्या आनंदात विचारायचे प्रश्न राहून जातात.

आमच्या महिला मंडळात एक ताई येतात. पोळ्या करायला चार घरी जातात. त्यांची मुलगी गोलकीपर. गोलकीपरचं सामान म्हणजे काय असतं, हे मला तिच्यामुळे कळलं. पायाचे जाड पॅड, छातीचं कवच, हेल्मेट. ती एवढी थोरली बॅग घेऊन पोरगी नेरूळहून हार्बरच्या लेडीज डब्यात चढायची, तासाभराहून जास्त प्रवास करून सीएसएमटीला उतरायची आणि तिथून चर्चगेटजवळच्या महिंद्रा हॉकी स्टेडियमपर्यंत चालत जायची. डब्यातल्या बायकांची बोलणी रोजची. हॉकीचे मोठे सामने आता कृत्रिम गवताच्या टर्फवर होतात, मातीवर शिकलेल्या मुलीला तिथे चेंडूचा वेग नव्याने शिकावा लागतो. म्हणून एवढी पायपीट.

तिला एका कॉलेजने घेतलं. अकरावीत तिने त्यांना चषक मिळवून दिला, त्याचा फोटोही ऑफिसबाहेर लागला. बारावीत गुडघ्याचं लिगामेंट फाटलं. ऑपरेशनचा खर्च घरच्यांनी केला, आणि पुढच्या महिन्यात ऑफिसातून पूर्ण फीची चिठ्ठी आली. कारण काय, तर यंदा ती खेळली नाही! आम्ही चौघी जणी भेटायला गेलो. प्राचार्य सभ्यपणे बोलले, चहाही दिला. मग एवढंच विचारलं, ‘फीमाफीचं काही लेखी आहे का तुमच्याकडे?’ काहीच नव्हतं. ताईंनी बचत गटातून कर्ज काढून फी भरली.

मला कॉलेजांवर सरसकट राग काढायचा नाही. मनापासून मुली घडवणारे शिक्षक मी बघितले आहेत, स्वतःच्या पगारातून बूट घेऊन देणारेही. पण ते सर बदलून गेले की तोंडी शब्दही त्यांच्याबरोबर जातो. म्हणून कागद हवा.

अमेरिकेत हॉकी म्हणजे बर्फावरची. तिथेही कॉलेजचे प्रशिक्षक ज्युनियर लीगचे सामने बघत गावोगाव फिरतात आणि खेळाडू निवडतात. पण कॉलेज शिष्यवृत्ती देतं तेव्हा तिचा करार लेखी होतो, आणि कराराच्या मुदतीत दुखापत झाली म्हणून ती काढून घेता येत नाही. 1972 च्या कायद्याने तर सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलगा-मुलगी भेद करायला बंदी घातली, त्यातून मुलींच्या खेळालाही पैसा मिळाला. आपण अमेरिका होऊ नये हो, पण एक सहीचा कागद मागायला काय हरकत आहे?

आणि हे सगळं कशासाठी, असं घरातले पुरुष विचारतातच. तर सांगावं. फलटण तालुक्यातल्या वैष्णवी फाळके आणि अक्षता ढेकळे पुण्याच्या क्रीडा प्रबोधिनीतून भारतीय संघापर्यंत पोचल्या. 2023 मध्ये हांगझाऊला झालेल्या आशियाई स्पर्धेत कांस्यपदक जिंकणाऱ्या संघात वैष्णवी होती. 2024 च्या ऑक्टोबरमध्ये महिलांच्या हॉकी इंडिया लीगसाठी पहिल्यांदा लिलाव झाला, त्यात हरियाणाच्या उदिता दुहानला 32 लाख रुपये मिळाले. अर्थात प्रत्येक मुलगी उदिता होणार नाही. मला जास्त महत्त्वाची वाटते ती नोकरी. हॉकी खेळणाऱ्या कितीतरी मुलींचं घर रेल्वेच्या नोकरीवर उभं आहे. राज्य सरकारच्या नोकऱ्यांतही खेळाडूंसाठी 5 टक्के आरक्षण आहे. त्यासाठी ठरलेल्या स्पर्धांमधली कामगिरी लागते आणि प्रमाणपत्राची पडताळणी क्रीडा खात्याकडून करून घ्यावी लागते. म्हणजे प्रमाणपत्रं जपून ठेवायची, आणि मूळ प्रत कॉलेजच्या कपाटात ठेवायची नाही, झेरॉक्स द्यायची!

आणखी एक गोष्ट आयांना कोणी समजावून सांगत नाही. अकरावी-बारावीत मुलगी 19 वर्षांखालच्या शालेय स्पर्धांमधून खेळते. पदवीला गेली की विद्यापीठाच्या स्पर्धा सुरू होतात. नाव तेच, इमारत तीच, पण कित्येकदा जिमखाना वेगळा आणि सरही वेगळे. ज्युनियर कॉलेजमध्ये मिळालेली सवलत पुढे मिळेल का, हे पहिल्याच दिवशी विचारावं लागतं.

आमच्या मंडळाने एक साधं पत्र तयार केलंय, एका पानाचं. फीमाफी किती वर्षं, किट कोणाचं, प्रवासखर्च कोण देणार, स्पर्धेच्या दिवसांची हजेरी लागेल का, परीक्षा आणि सामना एकाच दिवशी आला तर काय, बाहेरगावी जाताना सोबत बाई शिक्षिका असेल का, आणि दुखापत झाली तर उपचार आणि फीचं काय. खाली प्राचार्यांच्या आणि पालकांच्या सहीची जागा. यंदा तीन मुलींच्या आयांनी ते प्रवेशाच्या वेळी पुढे केलं. एका कॉलेजने हसून बाजूला ठेवलं. दुसऱ्याने बघतो म्हणून सांगितलं, अजून बघतातच आहेत. तिसऱ्या ठिकाणी जिमखान्याच्या मॅडमनी शांतपणे वाचलं. ‘एवढं कोणी विचारत नाही हो,’ म्हणाल्या आणि प्राचार्यांकडे घेऊन गेल्या. सही होऊन आलं. फक्त दुखापतीच्या ओळीवर पेनाने काट मारली होती. त्या ओळीसाठी आम्ही येत्या सोमवारी पुन्हा जाणार आहोत.