भटक्या माणसाला दिवाळीत काय द्यावे?

दिवाळी तोंडावर आली की पूर्वी जाहिरातींच्या पानांवर साड्या, मिक्सर आणि फार तर एखादा रंगीत टीव्ही असे. आता तिथे विमान असते. चाकांच्या बॅगा, मानेभोवती गुंडाळायच्या उशा, पासपोर्टची चामडी पाकिटे, पॉवर बँका, सहल कंपन्यांची व्हाउचरे. पाडव्याला नवऱ्याने काय द्यावे आणि भाऊबीजेला भावाने ताटात काय टाकावे, याची यादीही बाजारानेच करून ठेवली आहे. त्यात नवल करण्यासारखे काही नाही. रिझर्व्ह बँकेच्या उदारीकृत प्रेषण योजनेखाली २०२४-२५ या वर्षात भारतीयांनी सुमारे साडेएकोणतीस अब्ज डॉलर परदेशी पाठवले आणि त्यातले जवळजवळ १७ अब्ज डॉलर निव्वळ प्रवासासाठी होते. शिक्षणासाठी गेले ते तीन अब्जांच्या आत. साठ-सत्तरच्या दशकांत परदेशी निघालेल्या माणसाच्या हातावर आठ डॉलर टेकवले जात, असे बँकेतले आमचे वरिष्ठ सांगत. तिथून इथवरची ही मजल आहे. मी तिला नावे ठेवणार नाही. माणसाने फिरावे, ऐपत असेल तर खुशाल लांब फिरावे. पण फिरणाऱ्याला भेट काय द्यावी हे बाजाराला विचारू नये, एवढेच मला म्हणायचे आहे.

पहिली अडचण साधी आहे. प्रवाशाला दिलेली वस्तू त्यालाच वाहावी लागते. ज्याने आयुष्यभर भटकंती केली त्याच्याकडे त्याच्या मापाची बॅग असतेच, आणि उशी तो दुसऱ्याच प्रवासात कुठेतरी विसरून आलेला असतो. पॉवर बँक तेवढी उपयोगाची वाटते, म्हणून हल्ली सगळे तीच देतात. ती चेक-इनच्या बॅगेत चालत नाही, हातातल्या बॅगेतच ठेवावी लागते. साधारण १०० वॅट-अवर ही तिची मर्यादा. दुकानदाराच्या भाषेत वीस हजारांची बँक चालते, तीस हजारांची विमानतळावर राहते. ज्या स्वस्त मालावर आकडाच छापलेला नाही, त्याची तर खात्रीच नाही. जानेवारी २०२५ मध्ये दक्षिण कोरियातल्या बुसान इथे विमानतळावर उभे असलेले विमान आतून पेटले, तेव्हा संशय पॉवर बँकेवरच गेला. त्यानंतर नियम कडक होत गेले. एमिरेट्सने १ ऑक्टोबर २०२५ पासून विमानात ती वापरायलाच मनाई केली. कौतुकाने दिलेली भेट सुरक्षा तपासणीच्या टोपलीत टाकताना माणसाला किती अपराधी वाटत असेल, याचा विचार देणाऱ्याने करावा.

आपल्या घरांत आणखी एक भेट असते, ती म्हणजे फराळ. मुलाकडे किंवा लेकीकडे परदेशी निघालेल्या आई-वडिलांच्या हाती शेजारपाजारचे, विहीण-व्याही, मावश्या आपापले डबे देतात. 'एवढंसंच आहे हो, कोपऱ्यात मावेल.' कोपरा एकच असतो आणि डबे सात. वजनाचे एक वेळ सोडा. सुक्या खोबऱ्यात तेल भरपूर असते, ते साठून राहिले की आपोआप तापू शकते. म्हणून २०२२ च्या मार्चमध्ये नागरी विमान सुरक्षा विभागाने चेक-इनच्या सामानात सुके खोबरे नेण्यावर बंदी घातली. अनारशाची गोष्ट तर याहून गंभीर आहे. त्यावरची खसखस आपल्याला निरुपद्रवी वाटते, पण संयुक्त अरब अमिरातीत ती अमली पदार्थांच्या कायद्याखाली येते. दुबईच्या भाच्यासाठी अनारशांचा डबा देणारी मावशी त्याच्या पाहुण्यांना पोलिसांपुढे उभे करू शकते, हे त्या माउलीला कोणी सांगितलेले नसते. ऑस्ट्रेलियात तर दुधाची मिठाई आणि बिया यांची कसून चौकशी होते. आपल्या डब्यात काय आहे हे कागदावर लिहून देण्याची पद्धत आपल्याकडे नाही. ती पडायला हवी.

व्हाउचरबद्दल मात्र जरा सविस्तर बोलू द्या, कारण तिथे माझ्यातला जुना बँकवाला जागा होतो.

काही वर्षे मी परकीय चलनाच्या टेबलावर होतो. तेव्हा प्रवासी धनादेश चालत, ट्रॅव्हलर्स चेक. घेणारा माझ्यासमोर प्रत्येक चेकवर सही करी आणि वटवताना पुन्हा तीच सही करी. हरवला, चोरीला गेला, तर रक्कम परत मिळे. त्या कागदामागे कोणाची तरी जबाबदारी उभी असे. सहल कंपनीचे किंवा विमान कंपनीचे व्हाउचर दिसायला तसेच, किंबहुना जास्तच देखणे असते. पण बँकेच्या भाषेत ते काय आहे? ते कंपनीला दिलेले कर्ज आहे. बिनव्याजी, बिनतारणी, आणि मुदत संपली की बुडणारे. तुम्ही पैसे आज देता, ती सेवा कधीतरी देणार. मधल्या काळात ती उभी राहील ही जोखीम तुमची नाही, तर ज्याला भेट दिली त्याची. जेट एअरवेजचे शेवटचे विमान १७ एप्रिल २०१९ ला उडाले. १७५८ पासूनचा वारसा सांगणारी कॉक्स अँड किंग्ज त्याच वर्षी दिवाळखोरीच्या प्रक्रियेत गेली. मे २०२३ मध्ये गो फर्स्टची उड्डाणे अचानक थांबली. पैसे भरून बसलेले लोक एका दिवसात प्रवाशाचे दावेदार झाले आणि बँकांच्या मागे रांगेत उभे राहिले. २०२० च्या टाळेबंदीत तर चालू कंपन्यांनीही रोख परत न करता 'क्रेडिट शेल' हातात ठेवले. भेट म्हणून पैसेच द्यायचे असतील तर पाकीट काय वाईट? त्यावर वरचा एक रुपया चिकटवलेला असतो, त्याला मुदत नसते.

परस्पर तिकीट काढून चकित करण्याची हौस हल्ली वाढली आहे. सिनेमात ते छान दिसते. प्रत्यक्षात तारखा आपण ठरवायच्या आणि रजा त्याने मागायची. १ नोव्हेंबर २०२४ पासून रेल्वेचे आरक्षण १२० ऐवजी ६० दिवस आधीच खुले होते, म्हणजे दिवाळीत उन्हाळ्याचे तिकीट देताही येत नाही. रेल्वे निदान घरातल्या जवळच्या माणसाच्या नावावर तिकीट बदलून देते. विमान कंपन्या सहसा तेवढेही करत नाहीत.

आपल्याकडे जुनी रीत वेगळी होती. वारीला निघालेल्याच्या हातावर मागे राहणारा एक नाणे ठेवी, 'माझ्या नावानं पांडुरंगाच्या पायावर ठेव' म्हणून. त्याच्याबरोबर तोही थोडा जाई. वरसईचे गोडसे भटजी १८५७ मध्ये ग्वाल्हेरच्या वाटेला लागले, बंडाच्या धामधुमीत लुटले गेले, आणि आणली काय तर गंगेची कावड, आई-वडिलांना स्नान घालायला. त्या व्यवहारात मागे राहिलेल्या माणसाला जागा होती. आजच्या जाहिरातीत ती नाही. जाहिरातीतला प्रवासप्रेमी म्हणजे जो जातोच आहे तो. ज्याला प्रवासाची ओढ आहे पण जाता येत नाही, त्याला भेट द्यायची बाजाराला काही गरज वाटत नाही.

बँकेत आम्हाला प्रवास भाड्याची सवलत असे. चार वर्षांच्या ब्लॉकमध्ये ती वापरायची, नाहीतर गेली. लोकांना मुलांच्या वाढदिवसापेक्षा ब्लॉकची अखेर पक्की पाठ असे. माझ्या शाखेत एक बाई होत्या, रेल्वेचे वेळापत्रक कादंबरीसारखे वाचत. गुंटकलला कोणती गाडी किती वाजता लागते हे त्या न पाहता सांगत. पण सासूबाई अर्धांगाने अंथरुणाला खिळलेल्या. बाईंचा एक ब्लॉक वाया गेला, दुसरा जायच्या बेतात होता. त्या दिवाळीला भाऊबीजेला आलेली धाकटी नणंद ओवाळून झाल्यावर म्हणाली, 'वहिनी, या वेळी ओवाळणी मला नको. मी आठ दिवस राहते आईजवळ. तुम्ही जाऊन या.' बाई हंपी-बदामीला गेल्या. दोन भावांनी मिळून दिलेली एक चाकांची बॅग घरात आधीपासून होतीच, माळ्यावर.

आठ दिवस देणे कठीण असते, हे मी जाणतो. म्हणूनच तर व्हाउचर सोपे वाटते. ज्यांना स्वतः राहता येत नाही त्यांनी ब्युरोच्या बाईचे आठ दिवसांचे पैसे भरावेत आणि रात्री फोन आपल्याकडे येईल अशी व्यवस्था करावी. औषधांच्या वेळा, डॉक्टरांचा नंबर, गॅसची नळी कुठे बंद होते, हे जाणाऱ्याकडून आधीच लिहून घ्यावे. नाहीतर ती बदामीच्या लेण्यात उभी राहून घरी फोनच लावत बसेल.

आणि ज्यांची अडचण खरोखर पैशाची आहे, त्यांच्यासाठी एसटीचा 'आवडेल तेथे प्रवास' हा चार किंवा सात दिवसांचा पास आहे. फक्त हिशेब करून घ्या. मार्च २०२३ पासून महिलांना राज्यात अर्धे तिकीट आहे आणि ऑगस्ट २०२२ पासून पंचाहत्तरीपुढच्यांना प्रवास मोफत. तेव्हा पासाचा खरा फायदा बहुधा साठीतल्या पुरुषाला. रेल्वेची ज्येष्ठांची सवलत त्याला २०२० च्या मार्चपर्यंत मिळत असे. पास आगारात मिळतो. काढायला जाताना त्याला बरोबर न्या आणि तारीख त्यालाच सांगू द्या.