निवेदकाची वही आणि केंद्राचा पैसा

तिसरी सभा, म्हणजे दिवसाचे शेवटचे प्रसारणसत्र, संपवून रात्री उशिरा आकाशवाणीच्या पायऱ्या उतरणाऱ्या निवेदकाच्या पिशवीत पुष्कळदा एक वही असते. तीत अर्धवट लिहिलेले नभोनाट्य असते, गावातल्या जुन्या कारागिरांच्या मुलाखतींची यादी असते, नाहीतर दहा-बारा भागांच्या मालिकेचा आराखडा असतो. दिवसभर तो दुसऱ्यांची संहिता वाचतो. वही तेवढी त्याची स्वतःची. या वहीतल्या कामाला सार्वजनिक प्रसारकाने, म्हणजे लोकांच्या पैशावर चालणाऱ्या संस्थेने, पैसा द्यावा का? आमचे उत्तर आहे: द्यावा. मात्र आधी कागद व्हावा, मग पैसा सुटावा, आणि कोणाला द्यायचा हे ठरवताना त्या निवेदकाचे वरिष्ठ एकटे बसलेले नसावेत.

या उत्तराला विरोध करणारे आमच्याच व्यवसायात पुष्कळ आहेत आणि त्यांचे म्हणणे खरे आहे. ज्याच्या हाती माइक आहे त्याला आधीच बरेच काही मिळालेले असते. आवाज ओळखीचा झालेला असतो, कार्यक्रम अधिकाऱ्याच्या खोलीचे दार त्याच्यासाठी उघडे असते, कोणत्या तिमाहीत काय लागणार हे त्याला इतरांच्या आधी कळते. बाहेर तालुक्याच्या गावी बसून श्रुतिका लिहिणाऱ्या शिक्षिकेला यातले काहीच मिळत नाही. पैसाही निवेदकालाच दिला, तर तो वशिला ठरेल. ही भीती आम्हाला मान्य आहे. पण तिच्यावर उपाय म्हणून निवेदकाला रचनेच्या कामातून बाद करायचे, हे आम्हाला पटत नाही. मराठीपुरते बोलायचे तर आपल्या प्रसारणाचा इतिहासच त्याच्या विरुद्ध साक्ष देतो.

पुणे केंद्र २ ऑक्टोबर १९५३ रोजी सुरू झाले. दीड वर्ष होते न होते तोच, १ एप्रिल १९५५ च्या रामनवमीला, ‘गीतरामायण’ सुरू झाले आणि वर्षभरात छप्पन्न गाणी झाली. शब्द ग. दि. माडगूळकरांचे, चाली सुधीर फडक्यांच्या. दोघेही केंद्राच्या नोकरीत नव्हते. पण वर्षभर चालेल असे काही करू या, हा विचार केंद्रावरच्या सीताकांत लाडांचा. आपल्या माणसाच्या कल्पनेवर केंद्राने वर्षभराचा स्टुडिओ, वादक, गायक आणि वेळ लावला. आजच्या भाषेत सांगायचे तर ती अंतर्गत प्रस्तावाला मिळालेली मंजुरी होती.

त्याच काळात व्यंकटेश माडगूळकर पुणे केंद्रावर ग्रामीण कार्यक्रम पाहू लागले आणि सुमारे तीस वर्षे पाहत राहिले. त्यांची ‘बनगरवाडी’ ही कादंबरी १९५५ ची. पु. ल. देशपांडे आकाशवाणीत होते, पुढे दिल्लीला दूरदर्शनच्या अगदी सुरुवातीच्या दिवसांत निर्माते होते. ‘तुझे आहे तुजपाशी’ हे नाटक याच वर्षांतले. मुंबई केंद्रावर यशवंत देव संगीत सांभाळत होते, मंगेश पाडगावकरही काही वर्षे तिथे होते, आणि ‘भावसरगम’मधून नवी भावगीते महाराष्ट्रभर जात होती. २ ऑक्टोबर १९७२ रोजी मुंबई दूरदर्शन सुरू झाल्यावर ‘गजरा’सारखे कार्यक्रम घरच्याच निर्मात्यांनी उभे केले.

केंद्रांवरच्या या सगळ्यांना कोणी ‘प्रकल्प निधी’ दिला नव्हता. त्यांना पगार होता किंवा वर्षावर्षांचा करार होता, स्टुडिओ होता, आणि वरचा माणूस पुष्कळदा स्वतः वाचणारा-ऐकणारा होता. पगार हाच त्यांचा निधी होता. सरकारी सेवकांच्या वर्तणूक नियमांतही प्रासंगिक साहित्यिक आणि कलात्मक कामाला पूर्वपरवानगीची अट नाही; त्यामुळे सकाळी केंद्रावर आणि रात्री लेखनाच्या टेबलावर, असे आयुष्य उघडपणे जगता येत होते.

आज माइकसमोर कोण बसते ते पाहा. नियमित उद्घोषकांची भरती वर्षानुवर्षे खुंटलेली. बहुतेक केंद्रांवर सभा चालवतात ते नैमित्तिक उद्घोषक. महिन्याला साधारण सहा ड्युट्या, ड्युटीमागे ठरावीक मानधन; रजा नाही, निवृत्तिवेतन नाही, उद्याची खात्री नाही. व्यंकटेश माडगूळकरांना पगाराने जी उसंत मिळाली ती यांना कशाने मिळणार? म्हणून आमच्याकडे हा प्रश्न लंडनच्या बीबीसीपेक्षा वेगळा आहे. तिथे तो मोठ्या मानधनाच्या ताऱ्यांचा आहे. इथे तो सहा ड्युट्यांवर महिना काढणाऱ्या, पण भाषा आणि ध्वनी दोन्ही जाणणाऱ्या माणसांचा आहे.

तरी लंडनकडे पाहावेच, कारण कागदाचे महत्त्व तिथे लवकर दिसले. नोव्हेंबर १९४१ मध्ये रॉय प्लॉमली या मुक्त निवेदकाला एका रात्री कल्पना सुचली: निर्जन बेटावर अडकलात तर कोणत्या आठ ध्वनिमुद्रिका सोबत न्याल? त्याने बीबीसीला पत्र लिहिले आणि जानेवारी १९४२ मध्ये ‘डेझर्ट आयलंड डिस्क्स’ सुरू झाला. १९८५ मध्ये मृत्यू होईपर्यंत प्लॉमलीच तो सादर करत होता. कार्यक्रमाच्या कल्पनेवरचा हक्क त्याच्याकडे राहिला आणि नंतर कुटुंबाकडे गेला. पैसा, स्टुडिओ, प्रसारण बीबीसीचे, कल्पना निवेदकाची. त्याचा परिणाम असा झाला की इंटरनेटवर मागाहून ऐकण्याची सोय आल्यावर देशातला हा सर्वांत परिचित कार्यक्रम बरीच वर्षे तिथे नव्हता. कुटुंबाशी २००९ मध्ये समझोता झाला तेव्हा वाट मोकळी झाली. यात कोणाचीही लबाडी नव्हती. १९४१ मध्ये पॉडकास्ट कोणाच्या स्वप्नात येणार? पण पुढे निघणाऱ्या माध्यमांचे काय करायचे, ही ओळ मूळ कागदावर असती तर श्रोत्यांची ती वर्षे वाया गेली नसती.

दुसरे उदाहरण शिकागोचे. डब्ल्यूबीईझेड या तिथल्या सार्वजनिक नभोवाणी केंद्रावर आयरा ग्लास एक सहनिवेदित कार्यक्रम करत होता. केंद्राचा प्रमुख टोरी मलाशिया त्याच्या मागे उभा राहिला आणि नोव्हेंबर १९९५ मध्ये ‘धिस अमेरिकन लाइफ’ सुरू झाला. इंग्रजी नभोवाणीत गोष्ट सांगण्याची रीत या कार्यक्रमाने बदलली. त्याच चमूतून २०१४ मध्ये ‘सीरियल’ निघाली आणि पॉडकास्ट हा शब्द घरोघर गेला. २०१५ मध्ये ‘धिस अमेरिकन लाइफ’ची मालकी ग्लासकडे आली, २०२० मध्ये ‘सीरियल’ बनवणारी कंपनी ‘न्यूयॉर्क टाइम्स’ने विकत घेतली. ज्या केंद्राने सुरुवातीची जोखीम उचलली त्याच्या अंगणात ते झाड राहिले नाही. यावर काही जण म्हणतील की केंद्र फसले. आम्हाला तसे वाटत नाही. वीस वर्षे त्या केंद्राच्या श्रोत्यांना उत्तम काम ऐकायला मिळाले आणि एका सार्वजनिक केंद्राने एक अख्खी कला पुढे नेली. सार्वजनिक पैशाचा हिशेब असाही मांडता येतो. एवढे मात्र खरे, की झाड दुसऱ्याच्या अंगणात गेल्यावरही फळातला वाटा कोणाचा, हे रोप लावतानाच लिहून ठेवता येते.

जिथे आम्ही विरोधकांच्या बाजूला उभे राहू असे उदाहरणही आहे. गॅरी लिनेकर १९९९ पासून २०२५ पर्यंत बीबीसीवर ‘मॅच ऑफ द डे’ सादर करत होते. ते ज्या निर्मितिसंस्थेचे सहसंस्थापक, त्या गोलहँगरचा फुटबॉलवरचा पॉडकास्ट बीबीसीच्या ध्वनिमंचावरही उपलब्ध होईल, असे नोव्हेंबर २०२४ मध्ये जाहीर झाले. निवेदक एकीकडे संस्थेचा चेहरा आणि दुसरीकडे तिला माल पुरवणारा, अशी ही जागा आहे. काम चांगले असेलही. पण परवानाशुल्क भरणाऱ्या माणसाला हा व्यवहार आतून पाहता येत नाही. बीबीसी २०१७ पासून ठरावीक मर्यादेवरच्या मानधनांची यादी प्रसिद्ध करते; सुरुवातीला ती मर्यादा दीड लाख पौंडांची होती. मात्र स्वतंत्र निर्मितिसंस्थांमार्फत जाणारे मानधन त्या यादीत येत नाही. म्हणजे सर्वाधिक उजेड जिथे हवा तिथेच तो पोचत नाही. आपल्याकडे निधीची योजना झाली, तर निवेदकाच्या किंवा त्याच्या नातलगांच्या कंपनीमार्फत पैसा जाता कामा नये. तो थेट व्यक्तीच्या नावे जावा आणि रक्कम केंद्राच्या फलकावर लागावी.

आता कायद्याकडे येऊ, कारण आपल्यापैकी बहुतेकांचे नुकसान इथे होते. कॉपीराइट कायदा १९५७ च्या कलम १७ प्रमाणे, सार्वजनिक उपक्रमाने किंवा त्याच्या निर्देशाखाली वा नियंत्रणाखाली केलेल्या कृतीचा पहिला मालक, उलट करार नसेल तर, तो उपक्रमच असतो. संसदेच्या कायद्याने स्थापन झालेले महामंडळ या व्याख्येत बसते आणि आकाशवाणी-दूरदर्शन चालवणारी प्रसार भारती १९९० च्या कायद्याने स्थापन झाली आहे. यातले ‘उलट करार नसेल तर’ हे शब्द पुन्हा वाचा. कागद झाला नाही तर कायदा संस्थेच्या बाजूने झुकतो. कलम १९ मध्ये कर्त्यासाठी चांगली तरतूद आहे: हक्क दुसऱ्याला देताना मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरतात, आणि घेणाऱ्याने वर्षभरात हक्क वापरला नाही तर, वेगळे ठरले नसल्यास, तो परत येतो. पण ही तरतूद हक्क मुळात ज्याच्याकडे होता त्याच्या कामाची. कलम १७ मुळे मालकी पहिल्या दिवसापासूनच संस्थेकडे असेल तर परत येण्यासारखे काही उरत नाही. कलम ५७ प्रमाणे कृतीचा कर्ता म्हणून स्वतःचे नाव सांगण्याचा अधिकार मात्र राहतो.

आणि नुसत्या कल्पनेला तर संरक्षणच नाही. आर. जी. आनंद विरुद्ध डिलक्स फिल्म्स या १९७८ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ते स्पष्ट केले आहे. संरक्षण मिळते ते कल्पना ज्या रूपात मांडली त्या रूपाला. कार्यक्रम अधिकाऱ्यासमोर चहा पिताना सांगितलेली मालिका तुमची राहत नाही. लिहिलेली, तारीख घातलेली, ड्युटीबाहेर तयार झालेली संहिता तुमची म्हणून दाखवता येते.

हे मी पुस्तकातून शिकलो नाही. एका केंद्रावर नैमित्तिक निवेदक असताना मी जिनिंग कारखान्यांतल्या कामगार बायकांवर आठ भागांची मालिका लिहिली. भर उन्हात सरकीच्या ढिगाशेजारी बसून मुलाखती घेतल्या, बसचे भाडे खिशातून दिले. करारपत्रावर कामाचे स्वरूप ‘निवेदन’ एवढेच होते, म्हणून मानधन वाचनाचे मिळाले, लेखनाचे नाही. काही वर्षांनी पुस्तक करायचे ठरवले तेव्हा माझ्याकडे संहितेची कार्बन प्रत होती, पण त्या बायकांचे आवाज नव्हते. टेपांचा तुटवडा होता, त्यांवर दुसरे काही मुद्रित झाले होते. त्यातली एक आजी सरकी निवडताना गुणगुणत असे ते गाणे मला आज अर्धेच आठवते. कोणी वाईट वागले नाही. ते काम कोणाचे आणि त्याचे पुढे काय व्हायचे, हे विचारणारी ओळच कागदावर नव्हती.

म्हणून निधी हवा आणि तो अशा रीतीने हवा. प्रत्येक केंद्राच्या कार्यक्रम खर्चातला लहानसा हिस्सा नव्या रचनेसाठी बाजूला काढावा. अर्ज कोणीही करावा: नियमित, नैमित्तिक, बाहेरचा लेखक, तालुक्याची ती शिक्षिकाही. नाव झाकून संहिता वाचावी आणि वाचणाऱ्यांत केंद्राबाहेरचे लोक अधिक असावेत. आवाज ओळखीचा असल्याचा फायदा कागदावर पोचत नाही. निवेदकाला संधी द्यायची आणि वशिलाही टाळायचा, तर याहून सोपा मार्ग आम्हाला दिसत नाही. ज्याला निधी मिळाला त्याने स्वतःच्या ड्युटीत स्वतःच्या मालिकेची जाहिरात करू नये. ती दुसऱ्या निवेदकाने करावी. एकदा मिळाला की दोन वर्षे थांबावे. प्रसारणाचा आणि जतनाचा हक्क केंद्राचा, पुस्तक, रंगमंच आणि चित्रपट यांचा हक्क कर्त्याचा, आणि कर्त्याला मूळ ध्वनिमुद्रणाची एक प्रत. संस्थेने पुढे ते काम विकले तर कर्त्याचा वाटा किती, हे आकड्यात लिहावे.

‘बनगरवाडी’वर अमोल पालेकरांनी १९९५ मध्ये चित्रपट केला. त्याच्या निर्मितीत राष्ट्रीय चित्रपट विकास महामंडळाबरोबर (एनएफडीसी) दूरदर्शन होते. सुमारे तीस वर्षे सार्वजनिक प्रसारकाची नोकरी केलेल्या लेखकाच्या कामात सार्वजनिक प्रसारकाचा पैसा आला तो कादंबरीनंतर चाळीस वर्षांनी, लेखक निवृत्त झाल्यावर. तेव्हा त्या कादंबरीचे नाव सर्वदूर झाले होते. वहीत असलेल्या, अजून नाव नसलेल्या कामावर पैसा लावण्याचे धाडस केंद्रांनी दाखवावे, एवढेच आमचे मागणे आहे.

केंद्र संचालकांना विनंती: पुढच्या आर्थिक वर्षाचा कार्यक्रम आराखडा करताना यासाठी एक ओळ ठेवा, रक्कम छोटी असली तरी चालेल. आणि नैमित्तिक निवेदक मित्रमैत्रिणींनो, पुढच्या करारपत्रावर सही करण्यापूर्वी ‘कामाचे स्वरूप’ हा रकाना वाचा. तिथे नुसते ‘निवेदन’ लिहिले असेल आणि संहिताही तुमची असेल, तर ‘लेखन’ हा शब्द घालून घ्या, मगच सही करा.