दोर कोणाच्या हाती?

नाताळच्या सुट्टीत आम्ही सहकुटुंब चार दिवस मालवणला राहून आलो आणि वयाच्या पन्नाशीत पहिल्यांदाच पॅरासेलिंग केले. हे सांगताच आमच्या एका जुन्या मित्राने कपाळाला आठ्या घातल्या. "समाजात एवढे प्रश्न असताना तुम्ही समुद्रावर छत्रीला लटकता?" मित्राचा राग आम्ही समजू शकतो. पण आमचे म्हणणे वेगळे आहे.

ज्या रजेवर आम्ही मालवणला गेलो ती भरपगारी रजा होती. बाबासाहेब व्हाइसरॉयच्या कार्यकारी मंडळात मजूरमंत्री असताना १९४५ मध्ये कारखाना कायद्यात दुरुस्ती झाली आणि कारखान्यातील कामगाराला पगारी सुट्टीचा हक्क मिळाला. रजा ही मालकाची मेहेरबानी उरली नाही. आमच्या वडिलांनाही रजा मिळत असे, पण ती गावाकडची लग्ने, आजारपण आणि घर शाकारण्यातच संपे. त्यांनी समुद्र पाहिला तो फक्त चैत्यभूमीवर गेल्यावर, दादरचा. तेव्हा त्यांच्या मुलाने आणि नातीने चार दिवस लाटा बघितल्या तर त्यात आम्हाला तरी काही गैर वाटत नाही.

असो. मुलीने हट्ट धरला म्हणून आम्ही होडीत बसलो. पॅरासेलिंग म्हणजे पॅराग्लायडिंग नव्हे. पॅराग्लायडिंगमध्ये माणूस डोंगरावरून झेप घेतो आणि मोकळा तरंगतो. इथे छत्री होडीला दोराने बांधलेली असते. होडीच्या मागच्या बाजूला सपाट फळी, मध्ये दोर गुंडाळलेले मोठे चाक. जांघेतून आणि पाठीमागून पट्टे आवळून आम्हा दोघांना छत्रीला अडकवले. होडीने वेग घेतला, चाकावरचा दोर सुटू लागला आणि पाय फळीवरून कधी उचलले गेले ते कळलेच नाही.

वर गेल्यावर पहिली गोष्ट जाणवली ती शांतता. इंजिनाचा खडखडाट खालीच राहिला. सिंधुदुर्ग किल्ल्याची तटबंदी पाण्यात आखलेल्या वेड्यावाकड्या रेघेसारखी दिसत होती. मुलगी ओरडत होती, हसत होती. आम्ही मात्र, खरे सांगायचे तर, पहिला अर्धा मिनिट डोळे मिटून होतो. मग उघडले आणि मिटवेनात. इतक्या वर्षांत आपल्या अंगाला वजन नाही असे आम्हाला एकदाही वाटले नव्हते. उतरवताना त्यांनी आमचे पाय मुद्दाम पाण्यात बुडवले, तेव्हा आम्हीही लहान मुलासारखे ओरडलो. पैसे वसूल.

पण वाचकहो, वर असतानाच आमचे लक्ष त्या दोराकडे गेले. छत्रीपासून होडीपर्यंत एकच दोर. ऊन आणि खारे पाणी दोराला कुजवते, गाठ मारली की तो तिथे कमजोर होतो, आणि वाऱ्याचा अचानक झोत आला की त्याच्यावरचा ताण क्षणात वाढतो. नोव्हेंबर २०२१ मध्ये दीवच्या नागवा किनाऱ्यावर एका जोडप्याचा दोर हवेतच तुटला. दोघे समुद्रात पडले आणि अंगात जीवरक्षक जॅकेट होते म्हणून वाचले. पाण्यात पडल्यावरही धोका संपत नाही, कारण वारा भरलेली छत्री माणसाला फरफटत नेऊ शकते.

हे सगळे ठाऊक असूनही आम्ही चढण्यापूर्वी काय केले? इंग्रजीतला एक कागद न वाचता सही करून दिला. काही बरेवाईट झाल्यास जबाबदारी आमची, असे त्यात लिहिले होते, हे आम्ही परत आल्यावर वाचले. आयुष्यभर लोकांना 'सही करण्यापूर्वी वाचा' असे सांगत आलो, आणि स्वतः समुद्र बघून भुललो! कागद मराठीत का नाही, हे तरी विचारायला हवे होते. दोर किती जुना, वारा किती झाल्यावर फेरी थांबवता, यातले काहीही विचारले नाही.

पट्टे बांधणारा मुलगा विशी-बाविशीचा होता. "काय होवचा नाय काका, घाबरू नकात," म्हणाला. उतरल्यावर आम्ही त्याच्याशी बोलत बसलो. सकाळपासून तो उभा होता, जेवायला वेळ मिळाला नव्हता. पावसाळ्यात हे खेळ बंद असतात. तेव्हा काय करतोस, असे विचारले तर हसला. "बंद म्हणजे बंद. पगार खयचो?"

आम्ही भरपगारी रजेवर, आणि ज्याने बांधलेल्या पट्ट्यावर आमच्या मुलीचा जीव टांगलेला होता त्याला बंदच्या दिवसांचा पगार नाही! दुपारपर्यंत उपाशी राबणाऱ्या हाताकडून विसाव्या फेरीला बकल नीट लागले नाही, तर दोष कोणाला देणार? चौकशी झालीच तर पहिला बळी त्या पोराचाच जाईल. गोव्यात केंद्र सरकारची राष्ट्रीय जलक्रीडा संस्था आहे, तिथे होडी चालवण्याचे आणि जीव वाचवण्याचे रीतसर प्रशिक्षण मिळते. किनाऱ्यावरच्या अशा प्रत्येक पोराला मालकाच्या खर्चाने तिथे का पाठवू नये? त्याचा विमा, जेवणाची सुट्टी आणि बंद हंगामातला निर्वाह भत्ता परवान्याच्या अटींत घालावा. दोर बदलल्याची तारीख किनाऱ्यावर फळा लावून लिहावी, मराठीत.

मुलीला पुढच्या वर्षी पुन्हा जायचे आहे. आम्हीही जाणार, त्या मित्रालाही घेऊन जाणार. पण या वेळी आधी कागद वाचणार, दोर हाताने चाचपून बघणार, आणि पोराला पावसाळ्यात काय देता, हे मालकाला सर्वांसमोर विचारणार.