माप कुणाचं, मर्जी कुणाची?

चेहऱ्याला शोभतील असे केस, अंगाला नीट बसतील असे कपडे, हा विषय निघाला की आपल्या मंडळांत चुळबुळ सुरू होते. कुणी म्हणते, ‘हे बाजाराचं काम, आपलं नव्हे.’ कुणी पार्लरला जाऊन आल्याचं सांगायचं टाळते. मला वाटतं, हा प्रश्न आपलाच आहे. तो बाजारावर सोपवून चालणार नाही.

इतिहास काय सांगतो? वरच्या म्हणवल्या गेलेल्या जातींत विधवेचं केशवपन होई, ते तिनं कुणाला आवडू नये म्हणून. तिनं स्वतःलाही आवडू नये म्हणून. 1889 साली पंडिता रमाबाईंनी मुंबईत शारदा सदन काढलं. 1890 साली नारायण मेघाजी लोखंडे यांच्या पुढाकाराने मुंबईतल्या न्हाव्यांनी विधवांच्या डोक्याला वस्तरा लावायचं नाकारलं. हे सगळं मागे पडलं म्हणावं, तर 2022 च्या मे महिन्यात कोल्हापूर जिल्ह्यातल्या हेरवाड ग्रामपंचायतीला कुंकू पुसणं, बांगड्या फोडणं, मंगळसूत्र काढणं या प्रथांविरुद्ध ठराव करावा लागला. म्हणजे नटणं बाईवर फक्त लादलेलं नाही. कित्येकींकडून ते हिसकावूनही घेतलेलं आहे. अशा बाईला आपण साधेपणाचा उपदेश कुठल्या तोंडाने करायचा?

दुसरी बाजूही खरी आहे. 1994 साली सुश्मिता सेन आणि ऐश्वर्या राय जगज्जेत्या ठरल्या, आणि सौंदर्याचं एकच माप घरोघरच्या टीव्हीवर आलं. उंच, गोरी, सडपातळ. मग आपलं शरीर ‘चुकीचं’ आणि ते लपवणारा कपडा ‘शोभणारा’! ‘जाड बाईनं उभ्या रेघा घालाव्यात’, ‘गोल चेहऱ्यानं केस गालावर घ्यावेत’ या सल्ल्यांत कपडा बाईसाठी नसतो, बघणाऱ्यासाठी असतो.

मग नीट बसणं म्हणजे काय? अंधेरीजवळ वर्सोव्याच्या कोळणी बघा. लुगडं गुडघ्यापर्यंत घट्ट, चालायला आणि वाकायला मोकळं, आणि अंबाड्यावर फुलं. कामाचा पोशाख आणि हौस यांत त्यांना कधी भांडण दिसलं नाही. 1992 च्या 5 मे रोजी चर्चगेट ते बोरिवली खास महिलांची लोकल सुरू झाली, पण गाडीत चढायची बाईची घाई काही कमी झाली नाही. पाटीवर पाय टाकताना निऱ्या अडकू नयेत, वरची कडी धरताना काखेत ब्लाऊज काचू नये, पास आणि पैसे ठेवायला कुर्त्याला खिसा असावा. पुरुषाच्या शर्टाला खिसा न मागता मिळतो, आपल्याला शिंप्याला सांगावा लागतो, आणि तो वर विचारतो, ‘कशाला, फिटिंग बिघडेल.’

शिवणकामात एक सुंदर शब्द आहे, माया. शिवणीच्या आत राखून ठेवलेलं कापड. बाळंतपणात, आजारात, पाळी जाताना शरीर बदलतं. माया असली तर शिवण उसवून कपडा सैल करता येतो. तयार कपड्यात ती जेमतेम असते. तिथे कपडा बदलत नाही, बाईनंच बदलायचं असतं.

केसांचंही तेच. लांब केस विंचरायला, धुवायला, वाळवायला वेळ आणि पाणी लागतं. चाळीत, झोपडपट्टीत पाणी पहाटे येऊन जातं. तरी कापायची वेळ आली की ‘घरी विचारून सांगते’ हे उत्तर मी मुलुंड-घाटकोपरच्या कितीतरी बायकांकडून ऐकलं आहे. स्वतःच्या डोक्यावरच्या केसांसाठी परवानगी! ज्यांना लांब वेणी मनापासून आवडते त्यांनी ती जरूर ठेवावी. प्रश्न लांबीचा नाही, विचारण्याचा आहे.

आणि थोडं आपल्या घरातही बघू या. हातमागाचा कुर्ता, खांद्यावर शबनम, कपाळावर मोठं कुंकू हाही चळवळीचा गणवेशच झाला. वस्तीतली एखादी मैत्रीण झगमगीत साडी नेसून, लिपस्टिक लावून बैठकीला आली तर आपल्या नजरा काय बोलतात? आठवडाभर दुसऱ्यांची भांडी घासणारी बाई रविवारी नटते, तेव्हा तो दिवस ती स्वतःसाठी काढते.

म्हणून मैत्रिणींनो, शिबिरात कायद्याच्या सत्राशेजारी एक सत्र शिवणाऱ्या बाईचं ठेवा. स्वतःचं माप घ्यायला, माया आणि खिसा हक्काने मागायला शिकू या. आणि आरशासमोर एकच प्रश्न विचारू या: यात मला धावता येतं का, श्वास घेता येतो का, आणि मी मला आवडते का?