लॅब घरी आली, पण वेळ कोणाचा?

विद्यापीठाची संगणक-लॅब आता घरी बसून वापरता येते, मग मुलींनी उशिरापर्यंत लॅबमध्ये थांबायचे कशाला, असा युक्तिवाद हल्ली पालकांकडून आणि कधी शिक्षकांकडूनही ऐकू येतो. तो मुलींच्या भल्याचा वाटतो. म्हणूनच तो नीट तपासायला हवा.

आधी सोय समजून घेऊ. ‘रिमोट डेस्कटॉप’ पद्धतीत खरे काम लॅबमधल्या यंत्रावरच होते. आपण दाबलेली कळ तिकडे पोचते आणि तिकडच्या पडद्याचे चित्र इकडे दिसते. त्यामुळे घरचा संगणक जुना असला तरी चालतो. ‘एसपीएसएस’सारखे महागडे सॉफ्टवेअर विकत घ्यावे लागत नाही. संशोधनासाठी घेतलेल्या मुलाखती लॅबमध्येच राहू शकतात. मार सोसलेल्या बाईची हकिकत घरातल्या सामाईक संगणकावर ठेवावी लागत नाही. बाळंतपणानंतर पुन्हा शिकू लागलेली, अपंगत्व असलेली, शेवटच्या एसटीवर अवलंबून असलेली विद्यार्थिनी, या सगळ्यांना यामुळे वाट मिळते. ही सोय हवीच.

पण ती वापरायची तर हातात वेळ आणि इंटरनेट हवे. केंद्र सरकारच्या २०१९ च्या वेळवापर सर्वेक्षणानुसार घरकाम करणाऱ्या बायका त्यावर रोज सरासरी २९९ मिनिटे घालवत होत्या, पुरुष ९७. २०२४ मध्ये हे आकडे २८९ आणि ८८ झाले. पाच वर्षांत बाईची दहा मिनिटे वाचली, पुरुषाचीही नऊ वाचली! राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत (२०१९-२१) कधीतरी इंटरनेट वापरलेल्या स्त्रिया ३३ टक्के होत्या, पुरुष ५७ टक्के.

लॅबमध्ये बसलेल्या मुलीला कोणी चहा टाकायला उठवत नाही. घरी बसलेली मुलगी मात्र ‘घरीच तर आहे’ म्हणून सगळ्यांच्या हाकेला ओ देते. त्यात अनेक ठिकाणी काही वेळ कळ दाबली नाही तर जोडणी आपोआप तुटते. यंत्र अडकून राहू नये म्हणून हा नियम असतो. पण कुकर उतरवून, सासूबाईंना औषध देऊन ती परत येते, तेव्हा जतन न केलेले काम गेलेले असू शकते. नियम करणाऱ्याच्या डोळ्यांसमोर कोण विद्यार्थी होता? ज्याला जेवणाचे ताट हातात मिळते, तोच ना?

२०१५ मध्ये दिल्लीच्या विद्यार्थिनींनी ‘पिंजरा तोड’ म्हणत वसतिगृहांच्या वेळांना आव्हान दिले. ते भांडण केवळ कुलपाचे नव्हते. वाचनालय, रस्ता आणि रात्र आपलीही आहे, हे सांगण्याचे होते. घरबसल्या मिळणाऱ्या लॅबने तो प्रश्न मिटत नाही, तो फक्त नजरेआड होतो.

म्हणून आपल्या मागण्या दुहेरी हव्यात. दूरस्थ जोडणी सर्व विद्यार्थ्यांना द्या, ती तुटण्याआधीची मुदत वाढवा आणि तुटली तरी काम शाबूत राहील अशी व्यवस्था करा. त्याचबरोबर लॅब रात्री उघडी ठेवा, परतीच्या बसची सोय करा आणि वसतिगृहाच्या वेळा मुलामुलींना सारख्या ठेवा.

आणि घरापुरती एक मागणी: ती संगणकासमोर बसली असेल, तेव्हा चहा दुसऱ्या कोणीतरी टाकावा. घरी काम करायचे की लॅबमध्ये, हे तिचे तिला ठरवू द्या. दोन्ही दारे उघडी असली, तरच त्याला निवड म्हणता येईल.