परतीचे सामान

दक्षिण अमेरिकेतील दीर्घ सुट्टीहून परतल्यावर ‘काय पाहिले?’ असे जो तो विचारतो. भव्य, गूढ, विलोभनीय अशी उत्तरे तयारच असतात. आपल्या बहुतेक प्रवासवर्णनांची पुंजीही तीच. पेरूतील माचू पिचू पाहून आल्यावर मात्र ही पुंजी आम्हाला फार तोकडी वाटते.

हायरम बिंगहॅम १९११ मध्ये तेथे पोहोचला, तेव्हा इंकांच्या जुन्या पायऱ्यापायऱ्यांच्या शेतांत शेतकरी कुटुंबे पिके घेत होती. तरी ‘शोध’ बिंगहॅमच्या नावावर लागला. त्याच्या मोहिमांनी येल विद्यापीठात नेलेल्या वस्तू पेरूला परत मिळायला २०११-१२ साल उजाडले. चिलीचा कवी पाब्लो नेरूदा १९४३ मध्ये तेथे गेला. पुढे आपल्या दीर्घ कवितेत त्याने विचारपूस केली ती तेथील दगड वाहणाऱ्यांची, त्यांच्या भुकेची.

प्रवासवर्णनाची कसोटी आमच्या मते येथेच लागते. गोडसे भटजींचा ‘माझा प्रवास’ आजही वाचला जातो, तो १८५७ च्या धामधुमीत सापडलेल्या माणसांमुळे. लेखक किती दूर जाऊन आला, हे गौण आहे. ज्यांच्या भूमीवर तो हिंडला, ती माणसे त्याच्या लेखनात आहेत की नाहीत, हे आधी पाहावे.